पेपर कोरा ठेवतो, पण मोटर दुरुस्त करतो

सातारा जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: “मुलगा नववीत आहे, मराठी माध्यम. तोंडी विचारलं तर धडाधड सांगतो, पण पेपर अर्धा कोरा. तीन विषयांत नापास. तीन क्लास लावलेत, तरी. वर्गशिक्षक म्हणाले, अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. त्याचे वडील म्हणतात, दाखला काढला की जन्माचा शिक्का बसेल. गावात कुणाची पाण्याची मोटर बंद पडली की यालाच बोलावतात. त्याला विज्ञान प्रदर्शनात भाग घ्यायचा होता, आम्ही ‘आधी पास हो’ म्हणून अडवलं. चुकलं का आमचं?”

ताई, अडवलंत ते चुकलं, पण ते अजून सुधारता येईल. वर्गशिक्षकांचं म्हणणं मात्र बरोबर आहे. अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित जड जाणं. तपासणीसाठी दहावीची वाट पाहू नका.

आधी घरी एक गोष्ट करून बघा. गणिताच्या पुस्तकातली पाच शाब्दिक उदाहरणं घ्या. ती त्याला स्वतः वाचून सोडवू द्या. दुसऱ्या दिवशी तशीच दुसरी पाच तुम्ही वाचून दाखवा आणि उत्तरं तोंडी घ्या. ऐकून चार सुटतात आणि वाचून एकच, असं झालं तर अडचण गणितात नाही, अक्षरांत आहे. त्याच्या वह्याही चाळा. भ-म, घ-ध यांची अदलाबदल, जोडाक्षर फोडून लिहिणं (‘प्रकाश’चं ‘परकाश’), मात्रा-वेलांटी गाळणं, फळ्यावरून उतरवताना मधलीच ओळ सुटणं, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिणं, हे वर्षानुवर्षं चालत आलं असेल तर तो आळस नव्हे. अशा मुलाला शुद्धलेखनाची पाच-पाच पानं लिहायला लावून काही साधत नाही. चुका पक्क्या होतात आणि लिहिण्याचा धसका बसतो.

आता दाखला. खाजगी मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल घरी समजून घ्यायला चांगला, पण बोर्डाच्या सवलतीसाठी शासनमान्य केंद्राचाच दाखला लागतो. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जाऊन विचारा: अध्ययन अक्षमतेची तपासणी इथे होते का, कोणत्या वारी, आणि होत नसेल तर कुठे पाठवता? जाताना मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, चालू वर्षाच्या भाषा आणि गणिताच्या वह्या, आधार कार्ड, फोटो आणि शाळेचं पत्र न्या. पत्रात नुसतं ‘अभ्यासात मागे’ असेल तर उपयोग नाही. वाचन कितवीच्या पातळीचं आहे, तोंडी आणि लेखी कामात किती फरक पडतो, शाळेने काय प्रयत्न केले, हे हवं. डोळे आणि कान आधीच तपासून घ्या, कारण तिथे पहिला प्रश्न तोच येतो. मग बुद्धिमापन चाचणी आणि वाचन-लेखन-गणिताची चाचणी होते. एका फेरीत काम संपत नाही. फेऱ्यांना महिने लागतात आणि दहावीचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरले जातात. दहावीत जागी झालेली घरं इथेच अडकतात.

दरम्यान मुख्याध्यापकांना सांगून तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलावून घ्या. ते तपासणीसाठी कागद तयार करायला आणि वर्गात काय बदल करायचे ते सांगायला मदत करू शकतात.

सवलती मागताना ‘मिळतंय ते सगळं द्या’ असं करू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे. जादा वेळ, लेखनिक (मुलगा सांगेल ते पेपरात लिहिणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा त्यात उल्लेखच आहे. तुमच्या मुलाला जादा वेळ आणि लेखनिक नक्की मागा. गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याचा मार्गही राज्यात आहे, आणि शाळा बहुधा तोच आधी सुचवेल, कारण निकाल सोपा होतो. वरच्या पाच उदाहरणांत तो ऐकून पास झाला असेल तर हा मार्ग घेऊ नका. मोटरीत रमणाऱ्या मुलाला पुढे डिप्लोमा किंवा अकरावी सायन्स करायचं ठरलं तर तिथे तो अडू शकतो. भाषेची सूट हवीच असेल तर हिंदीची बघा. इंग्रजी ठेवा, कारण मोटरीच्या पाटीवरचं सगळं इंग्रजीतच असतं.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, त्याची मंजुरी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून घ्यावी लागते, तुमच्यासाठी ते कोल्हापूर. एकावर थांबू नका, दुसऱ्याचं नावही तयार ठेवा; ऐन पेपरच्या सकाळी ताप येतो. सांगून लिहून घेणं हे शिकावं लागतं. मुलं भरभर बोलतात, लेखनिक मागे पडतो, मग मुलगा धागा विसरतो. म्हणून नववीतच आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटं सराव करा. आधी मनात मुद्दे ठरवायचे, एक वाक्य सांगायचं, लिहून होईपर्यंत थांबायचं, मग पुढचं. आकृती, भूमितीची रचना आणि आकडेमोड त्याने स्वतः करायची की सांगून करवून घ्यायची, हे आधी मंडळाच्या मंजुरीपत्रात बघा आणि सरावही तसाच ठेवा. सहामाही आणि पूर्वपरीक्षा वेगळ्या खोलीत, लेखनिकासहच द्यायला लावा.

अभ्यासासाठी बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, मोबाइल ती वाचून दाखवतो. काही फाइलींचा फाँट जुना असला की मोबाइल भलतंच बडबडतो. तेव्हा पानाचा फोटो काढून गूगल लेन्सने वाचून घ्या. धडा आधी ऐकायचा, मग पुस्तकावर बोट ठेवून परत ऐकायचा. तीन क्लास लावलेत असं तुम्ही लिहिलंय. त्यातले दोन बंद करा आणि तो वेळ याला द्या.

आणि मोटर. ‘पास झालास तर’ ही अट आजच काढा. जिथे तो हुशार ठरतो ती एकच जागा बक्षीस म्हणून लांबणीवर टाकली, तर वर्षभर त्याच्याकडे फक्त अपयश उरतं. विज्ञान शिक्षकांना इन्स्पायर-मानक या, शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेबद्दल विचारा. शाळेला विद्यार्थ्यांच्या पाच कल्पना ऑनलाइन पाठवता येतात, निवड झालेल्याला मॉडेलसाठी 10,000 रुपये मिळतात. त्यात गुण बघत नाहीत, कल्पना बघतात. विहीर कोरडी पडली की मोटर बंद करणारं यंत्र बाजारात मिळतंच, तेच परत केलं तर नवेपणा दिसत नाही. त्याला विचारा, मोटरी दुरुस्त करताना कुठली खोड परत परत सापडते आणि लोक त्यावर काय जुगाड करतात. कल्पना तिथून निघेल. तो सांगेल, तुम्ही त्याच्याच शब्दांत टाइप करा. हात चित्रात चालत असेल तर चित्रकलेच्या शासकीय परीक्षा, आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट, द्यायला लावा. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीत 7, 5 किंवा 3 वाढीव गुण मिळतात, पण प्रस्ताव शाळेने वेळेत पाठवावा लागतो.

त्याच्या वडिलांना सांगा, दाखला घरात राहतो. सवलत मागायची असेल तेव्हाच दाखवायचा, नाहीतर नाही. शिक्का आत्ताच बसलेला आहे, ‘ढ’ म्हणून, आणि तो मुलगा रोज ऐकतोय. त्यांना तपासणीला सोबत न्या. डॉक्टर मुलाच्या बुद्धीबद्दल काय सांगतात ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकू दे. मुलालाही नीट सांगा की हे कशासाठी चाललंय. गुपचूप नेलंत तर तो चाचणीत मन लावणार नाही.

सोमवारी मुख्याध्यापकांना तपासणीच्या पत्रासाठी लेखी अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या.