मालाडला कॉल सेंटरमध्ये आहे, बारावी पास. कस्टमर केअरचा सर्टिफिकेट कोर्स करू का?

करा, पण फी भरण्याआधी कोर्स एनएसक्यूएफमध्ये, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीत, बसतो का ते विचारा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा बोर्ड बघून भुलू नका, नोकरी तर तुम्हाला आहेच! आधीच फोनवर असल्यामुळे आरपीएलचा (आधीच्या शिक्षणाला-अनुभवाला मान्यता) मार्गही बघा, त्यात कामाच्या अनुभवाचं मूल्यमापन होऊन प्रमाणपत्र मिळतं.

गोड बोलणं फ्लोअरवर येतंच. खरा अभ्यास आकड्यांचा. एएचटी म्हणजे बोलणं, होल्ड आणि नंतरची नोंद, तिन्ही धरून सरासरी वेळ. समजा तासाला 120 कॉल, एएचटी 5 मिनिटं. काम 600 मिनिटांचं, म्हणजे 10 माणसं पुरतील? नाही. कॉल विरार लोकलच्या गर्दीसारखे एकदम येतात. 80 टक्के कॉल 20 सेकंदांत उचलायचे तर साधारण 14 जण लागतात. हे गणित एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने 1917 मध्ये टेलिफोन एक्सचेंजसाठी मांडलं, आजही रोस्टर त्यावरच बनतात. हे जमलं की टीम लीडरच्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं.

पदवी मात्र सोडू नका. रात्रपाळी असेल तर मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. सोबत करता येईल.