दाते, डेट आणि काळ्यांची भाजी

प्रश्न : आमचे आडनाव दाते. इथे कामावर त्याचे ‘डेट’ झाले आहे. ‘आज डेटबरोबर डेट आहे का’ हा विनोद ऐकून कान किटले. स्पेलिंग बदलावे का? (एक वाचक, एडिनबरा)

उत्तर : कागदोपत्री बदलू नका. शेवटी वाय जोडला तर उच्चार सुधारतो, पण पासपोर्टवर एक, पदवीवर दुसरे असे झाले की प्रत्येक खिडकीवर खुलासा देत बसावे लागते. शेवटच्या ई-वर तिरकी रेघ द्यावी, ‘कॅफे’च्या स्पेलिंगमध्ये असते तशी. ती ईमेलखाली आणि व्हिजिटिंग कार्डावर चालते. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, तिथे मात्र तिला जागा नाही. त्या ओळींत ए ते झेडखेरीज अक्षर बसत नाही. तोंडी ओळख करून देताना ‘लाटे कॉफी, फक्त ल-च्या जागी द’ एवढे सांगा, पुरते. त-चा ट होईलच. इंग्रजीत टी म्हणताना जीभ दातांना नव्हे, त्यामागच्या हिरडीला लागते. तेवढे सोडून द्यावे.

अडचण तुमच्या एकट्याची नाही. मधे एकच व्यंजन आणि शेवटी ई असे स्पेलिंग दिसले, की इंग्रजी वाचणारा ती ई मुकी धरतो आणि आधीचा स्वर बदलतो. म्हणून साने ‘सेन’ होतात (म्हणजे शहाणे, तक्रार कशाला?), माने ‘मेन’ म्हणजे आयाळ, पागे ‘पेज’, मोरे ‘मोर’ म्हणजे आणखी, आणि काळे ‘केल’. केल ही कोबीच्याच जातीची पालेभाजी. भिडे ‘बाइड’ होतात, कारण भ-मधला ह त्यांना ऐकूच येत नाही. आपटे त्यातल्या त्यात सुखी : पी आणि टी लागून आल्याने वाचणारा अडखळतो आणि मग विचारतो तरी.

गंमत अशी, की सहाशे-साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाने हेच स्पेलिंग जवळजवळ ‘दात’ असे वाचले असते, शेवटी ओझरता अ लावून. ‘नेम’ हा शब्दही तेव्हा ‘नाम’च्या जवळचा होता! पुढे शेवटची ई गळाली आणि साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकले. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला 1476 मध्ये, म्हणजे हे सरकणे चालू असतानाच. छापील स्पेलिंग जुन्याच वळणाचे राहिले, उच्चार पुढे गेला. तो सगळीकडे सारखाही गेला नाही. तुमच्या स्कॉटिश सहकाऱ्यांचा ‘डेट’ आपल्या ए-इतका सरळ असतो, लंडनचा ‘डेइट’ आणि ऑस्ट्रेलियाचा मराठी कानाला चक्क ‘डाइट’ लागतो.

विनोद परतवायचाच असेल तर जपानकडे बोट दाखवा. तिथे दाते हे नामांकित सरदार घराणे. सेंदाईचा दाते मासामुने 1567 ते 1636 या काळातला. 1996 मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत खेळलेली किमिको दातेही स्पेलिंगने तुमच्यासारखीच. इटालियनमध्ये तर हेच स्पेलिंग ‘दाते’ असेच वाचतात आणि अर्थ होतो ‘तुम्ही देता’. हा नुसता योगायोग नव्हे. आपला दाता आणि त्यांचे क्रियापद एकाच प्राचीन धातूतून आले आहेत.

प्रश्न : मुलाच्या हिंदी शाळेत ‘काळे’चे ‘काले’ लिहितात आणि मुले रंगावरून चिडवतात. काय करावे? (एक पालक, इंदूर)

उत्तर : प्रमाण हिंदीत ळ हा ध्वनी नाही, म्हणूनच टिळकांचे तिलक आणि बाळचे बाल झाले. अक्षर मात्र उपलब्ध आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ल-ची कळ दाबली की ळ उमटतो, तेव्हा हजेरीपटात तसे लिहून मागा. उच्चार शिकवताना ‘ड म्हणायला जीभ जिथे वळते तिथे ठेव आणि ल म्हण’ असे सांगावे. बहुतेकांचे ‘काड़े’ होते, कारण जीभ लगेच आपटून खाली येते. ती क्षणभर टेकलेली राहून हवा दोन्ही कडांनी गेली पाहिजे. आधी ‘बाळ’, ‘काळ’ घोटून घ्या, मग ‘काळे’. वर्गात घरी मालवी बोलणारे मूल असेल तर त्याला हे शिकवावे लागणार नाही, मालवीत ळ आहे. बडोद्याच्या काळ्यांनाही हा त्रास नाही, गुजरातीत तो आहेच.

आपणही फार शहाणे नाही. मल्याळममधल्या एका ध्वनीसाठी रोमनमध्ये झेड-एच लिहितात. आपल्या कानाला तो ळ-च्या जवळचा, पण मराठी वर्तमानपत्रे बिनदिक्कत ‘कोझिकोड’ छापतात.

प्रश्न : मराठी लिहितो तशीच वाचतो. मग आपल्याकडे असे श्लेष होत नसतील ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर : होतात. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आपण एकाच अक्षरात लिहितो. ‘चार’ म्हणजे चारचा आकडा, नाहीतर गुराला चारा घालण्याची आज्ञा. ‘जग’ म्हणजे दुनिया, किंवा जिवंत राहा. आता ‘जरा जवळ आली’ हे वाक्य घ्या. दंत्य ज (‘जवळ’मधला) म्हटला तर कोणीतरी थोडी पुढे सरकली. तालव्य (‘जय’मधला) म्हटला तर म्हातारपण आले. कागदावर दोन्ही अर्थ शाबूत राहतात, मोठ्याने वाचताना मात्र एक निवडावा लागतो.