केस गळतात त्यापेक्षा बारीक होतात, तिकडे बघा

प्रश्न: वय २६. अंघोळीनंतर जाळीवर केसांचा पुंजका दिसतो, परवा मोजले तर ऐंशीच्या वर भरले. टक्कल पडतंय का?

उत्तर: मोजत बसलात, कमाल आहे तुमची! पण त्या आकड्यावरून काही कळत नाही. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं अगदी नॉर्मल. एक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता बसून राहतो, गळतो, आणि त्याच मुळातून दुसरा येतो. पुरुषांच्या टकलात होतं काय, तर हा वाढायचा काळ आखूड होत जातो आणि दरवेळी येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक, फिकट, शेवटी तर नुसती लव. त्यामुळे जाळी सोडा, एक साधी गोष्ट करा. कपाळाच्या वरचा एक केस आणि डोक्याच्या मागचा, मानेच्या वरचा एक केस पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी ठेवा आणि उजेडात बघा. पुढचा केस मागच्याच्या निम्मा बारीक दिसला तर डॉक्टरकडे जा, सारखेच दिसले तर बहुतेक काळजी नाही, तरी शंका उरली तर दाखवून घ्या. आणि मोठा ताप किंवा ऑपरेशन होऊन दोन-तीन महिने झाले असतील आणि आता सगळ्या डोक्याचे केस मूठमूठ येत असतील तर ते वेगळं प्रकरण, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं.

प्रश्न: आईच्या वडलांना टक्कल, म्हणजे मलाही नक्की असं सगळे म्हणतात. आणि टक्कल म्हणजे मर्दानी हार्मोन जास्त, हे खरं का?

उत्तर: पहिलं अर्धं खरं. हार्मोनचा संदेश केसाच्या मुळाला पोचवणारं एक महत्त्वाचं जनुक एक्स क्रोमोझोमवर असतं आणि मुलाला तो आईकडूनच मिळतो, तिथून ही समजूत आली. पण बाकी कितीतरी जनुकं दोन्हीकडून येतात, त्यामुळे बाबांचं डोकंही बघा.

दुसरं म्हणाल तर टकल्या पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन इतरांइतकंच असतं (मित्रांसमोर बढाई मारायला हरकत नाही म्हणा). १९४२ मध्ये हॅमिल्टन नावाच्या संशोधकाने दाखवलं की वयात येण्याआधी वृषणं काढलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही, म्हणजे हार्मोन लागतं हे नक्की. पण कुठलं? ते कळायला डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका गावची मुलं कामी आली. जन्मताना मुलीसारखी दिसायची म्हणून मुलगी म्हणूनच वाढायची आणि वयात येताना आवाज फुटून पुरुष व्हायची. १९७४ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला तेव्हा कळलं, टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी (त्याचंच जास्त जोरदार रूप) करणारं एन्झाइम त्यांच्यात नीट चालतच नव्हतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) लहान राहायची आणि कपाळ मागे सरकायचं नाही. म्हणजे दोषी डीएचटी, आणि त्याला जास्त हळवी असलेली केसांची मुळं. हे एन्झाइम रोखायच्या कल्पनेतूनच पुढे फिनास्टराइड हे टकलावरचं औषध आलं.

प्रश्न: केसांसाठी मिनॉक्सिडिल हे औषध लावायला लागलो आणि तीन आठवड्यांत केस दुप्पट गळायला लागले! घाबरून बंद केलं.

उत्तर: अरेरे, नेमकं चुकीच्या वेळी सोडलंत. हे औषध बसून राहिलेल्या केसांना हलवतं, जुने पटापट पडतात आणि त्यांच्या जागी नवे उगवायला लागतात, म्हणून पहिले काही आठवडे गळती वाढते. खरा फरक ४ ते ६ महिन्यांनी. आणि बंद केलं की मिळालेलं सगळं काही महिन्यांत परत जातं, हे सुरू करतानाच कुणी सांगत नाही ही माझी तक्रार आहे.

लावायची पद्धतही बघा. बरेच जण केसांना चोपडतात. डोकं कोरडं पाहिजे, भांग पाडायचा, १ मिली थेट कातडीवर टाकायचं, बोटाने पसरायचं, हात धुवायचे, आणि उशीवर डोकं टेकायच्या आधी वाळू द्यायचं. घरात मांजर असेल तर फारच जपून, तिने चाटलं तर जिवावर बेतू शकतं.

प्रश्न: फिनास्टराइडची गोळी घ्यावी की नाही? वाचून वाचून डोकं फिरलंय.

उत्तर: गोळी चांगली आहे, पण हलक्यात घेऊ नका. रोज १ मिलीग्रॅमने रक्तातलं डीएचटी साधारण दोन तृतीयांशाने उतरतं आणि बऱ्याच जणांची गळती थांबते, काहींचे केस थोडे दाट होतात. कंपनीच्या मूळ चाचण्यांत शंभरातल्या जवळपास चौघांनी इच्छा कमी होणं, ताठरता नसणं अशी तक्रार सांगितली, बनावट गोळी घेणाऱ्यांत दोघांनी. बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर जातं, पण काहींनी ते नंतरही राहिल्याचं सांगितलंय, ते मी खोटं म्हणणार नाही. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम म्हणून पक्का नोंदवला. आधी डिप्रेशन झालं असेल तर डॉक्टरला सांगा, मूड घसरला तर गोळी बंद करून लगेच फोन करा. रक्तदान करू नका, गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही, आणि प्रोस्टेटची पीएसए टेस्ट करताना गोळीचं नाव सांगा कारण आकडा निम्मा दाखवतो.

प्रश्न: बायोटिन, केस वाढवणारे शॅम्पू, टोपी न घालणं, तुळतुळीत करून घेणं?

उत्तर: बायोटिन फक्त कमतरता असेल तर, उलट काही रक्ततपासण्यांचे आकडे बिघडवतं. शॅम्पू स्वच्छतेला. टोपी बिनधास्त घाला. तुळतुळीत केल्याने मूळ बदलत नाही, खुंट टोकाला बोथट असतो म्हणून जाड वाटतो.

प्रश्न: वय २३, कपाळ बरंच मागे गेलंय. सरळ ट्रान्सप्लांट करून टाकू?

उत्तर: थांबा जरा. मागचे केस डीएचटीला दाद देत नाहीत आणि पुढे लावले तरी त्यांचा स्वभाव बदलत नाही, हे ऑरेंट्राइख या अमेरिकन त्वचातज्ज्ञाने १९५९ मध्येच दाखवलं. पण मागचा साठा मर्यादित असतो. आत्ता कपाळाची रेघ भरून घेतली आणि पुढच्या दहा वर्षांत तिच्यामागचं सगळं गेलं, तर पुढे एक पट्टा, मागे मोकळं मैदान, असं डोकं घेऊन फिरावं लागतं. आधी वर्षभर औषध, दर तीन महिन्यांनी त्याच बल्बखाली, त्याच कोनातून, कोरड्या केसांचा फोटो. ते फोटो सर्जनसमोर ठेवा. ते न बघताच ग्राफ्टचा (मागून काढून पुढे लावायच्या केसांच्या पुंजक्यांचा) आकडा सांगायला लागला तर उठून या.