सव्वातीन लाख भरावेत का? धावपटू मुलीच्या आईला उत्तर

सातारच्या एका ताईंनी लिहिलं आहे: मुलगी ४०० मीटर हर्डल्स धावते. दहावीत असताना शालेय राज्य स्पर्धेत दुसरी आली. बारावीच्या सुरुवातीलाच सरावात हर्डलवरून उतरताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. शस्त्रक्रियेला २ लाख १० हजार गेले आणि ५ लाखांच्या एफडीत २ लाख ९० हजार उरले. मेडिक्लेम नव्हता. बारावीची परीक्षा झाली, पोरगी नऊ महिन्यांनी पुन्हा ट्रॅकवर जाऊ लागली आहे. आता एक कन्सल्टंट म्हणतो, अमेरिकेतल्या कॉलेजात ७० टक्के स्पोर्ट्स स्कॉलरशिप 'नक्की'. त्याची फी ३ लाख २५ हजार, त्यातले सव्वा लाख येत्या बुधवारपर्यंत द्यायचे. घरात महिन्याला ६२ हजार येतात, गृहकर्जाचा हप्ता १४ हजार, धाकटा आठवीत. मुलीच्या नावाच्या सुकन्या समृद्धी खात्यात ४ लाख ६० हजार आहेत. 'एफडी मोडावी का?'

ताई, मोडू नका.

तुमची पोरगी परत धावायला लागली, याचं मला फार कौतुक वाटतं. शाळेत खो-खो खेळताना माझा घोटा एकदा मुरगळला आणि मी तेवढ्या निमित्ताने खेळ सोडून दिला होता. पण पैशाचा हिशेब करताना तिचा गुडघा तारण म्हणून धरता येत नाही. स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे यांच्या गुडघ्याला २०२५ च्या जुलैत मोनाकोच्या शर्यतीत अशीच दुखापत झाली. त्यांच्या पाठीशी लष्कराची नोकरी आहे. तुमच्या मुलीच्या पाठीशी तुमची एफडी आहे, आणि त्या एफडीला आधीच एकदा मोठं खिंडार पडलंय.

घरखर्च आणि धाकट्याची शिकवणी मिळून ३३ हजार लागतात असं तुम्ही लिहिलंय. हप्ता धरून ४७ हजार. म्हणजे उरलेली एफडी हा तुमचा सहा महिन्यांचा श्वास आहे. कन्सल्टंटची फी त्याहून ३५ हजारांनी जास्त आहे.

आणि ती फी म्हणजे नुसतं दार उघडायचे पैसे. समजा, सगळं त्याच्या म्हणण्याप्रमाणे झालं. वर्षाचा एकूण खर्च ४० हजार डॉलर धरू, डॉलर ९० रुपयांचा. ७० टक्के माफ झाले तरी १२ हजार डॉलर तुमच्याकडे राहतात, म्हणजे १० लाख ८० हजार. तुमच्या घराचं वर्षाचं उत्पन्न ७ लाख ४४ हजार आहे. चार वर्षांचे ४३ लाख होतात, त्यात विमानाचं तिकीट धरलेलं नाही. शिवाय '७० टक्के' कशाचे, हेही विचारायला हवं. नुसत्या ट्यूशन फीचे असतील तर राहणं-खाणं सगळं तुमच्या अंगावर येतं.

स्कॉलरशिप देतात ती कॉलेजं आणि त्यांचे कोच, कन्सल्टंट नाही. तिथल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना एनसीएए. तिच्या डिव्हिजन वन आणि टू मधली कॉलेजं खेळासाठी पैसे देतात, डिव्हिजन थ्री मधली देत नाहीत. नावाजलेल्या आयव्ही लीगमध्येही खेळाची स्कॉलरशिप नसते. कोचला ईमेल लिहायला पैसे पडत नाहीत. तिने एक हंगाम धावावं, इलेक्ट्रॉनिक टायमिंगची वेळ नोंदवावी, शर्यतीचा व्हिडिओ जोडावा आणि स्वतःच्या नावाने पंधरा-वीस कोचना लिहावं. दुखापतीबद्दलही लिहावं, लपवून काही साधत नाही. जमलं तर पुढच्या वर्षी जाईल. आज मात्र तिच्याकडे दाखवायला दुखापतीनंतरची एकही वेळ नाही. मग 'नक्की' हा शब्द कुठून आला?

दरम्यान पुण्यात किंवा साताऱ्यातच अनुदानित कॉलेजात बीएस्सी किंवा बीपीईएस (शारीरिक शिक्षणाची पदवी) घेऊ द्या. कॉलेजची फी आणि वसतिगृह मिळून वर्षाला ६० हजार धरा. त्यासाठी सुकन्या खातं आहे. दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर, शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीतली निम्मी रक्कम काढता येते. तुमच्या बाबतीत साधारण २ लाख ३० हजार. ती एकदम न काढता वर्षातून एकदा, पाच वर्षांपर्यंत हप्त्याने काढता येते. प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती जोडावी लागते. वर्षाला ६० हजार काढलेत तर तीन वर्षं सहज निघतात, उरलेल्या रकमेवर सध्याचं ८.२ टक्के करमुक्त व्याज चालू राहतं. अठरा पूर्ण झाली असेल तर फॉर्मवर सही तिची लागेल. लागू दे, बरंच आहे.

मेस, अंडी-दूध-डाळीचा जादा खुराक आणि फिजिओ मिळून महिन्याला १० हजार मी धरतोय. तुमच्याकडे महिन्याला १५ हजार उरतात. यात फिजिओ सोडून कुठेही काटकसर करा. वर्षभर नीट व्यायाम न घेतलेला गुडघा दुसऱ्यांदा जातो तेव्हा पुन्हा दोन लाख घेऊनच जातो.

उरलेल्या पाच हजारांतून चौघांचा आरोग्य विमा या महिन्यातच घ्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया फॉर्मवर स्पष्ट लिहा. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. म्हणजे त्या गुडघ्याला लगेच संरक्षण मिळणार नाही, पण घड्याळ आज सुरू होईल. लपवलंत तर दावा फेटाळण्याचं कारण तुम्हीच हातात द्याल.

शालेय राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र मूळ स्वरूपात जपून ठेवा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पदानुसार कोणत्या पातळीची कामगिरी लागते हे वेगळं असतं, त्यामुळे आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळत राहणं तिच्या फायद्याचं आहे.

बुधवारी कन्सल्टंटचा फोन येईलच. त्याला शांतपणे विचारा, 'कॉलेजचं स्कॉलरशिपचं पत्र हातात आल्यावर पूर्ण फी दिली तर चालेल का?' पलीकडून काय उत्तर येतं ते मला जरूर कळवा.