माका कंदाची लागवड आपल्या डोंगरात करावी का?

प्रश्न : आमची जमीन जावळी-महाबळेश्वर भागात आहे, थंडी चांगली पडते. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातील ‘माका’ या पौष्टिक कंदाचे बियाणे ऑनलाइन मिळते. विकणारे माल परत घेण्याची हमी देतात. लागवड करावी का?

उत्तर : करू नका. आगाऊ पैसे तर मुळीच भरू नका.

हा माका म्हणजे आपल्या बांधावरचा, केसांच्या तेलात पडणारा माका नव्हे. हा मोहरीच्या कुळातला. बाळंतिणीच्या लाडवात घालतो त्या अहाळिवाचा सख्खा भाऊबंद. जमिनीलगत मुळ्याच्या पाल्यासारखा पसरतो आणि खाली लहान सलगमाएवढा गड्डा धरतो. पेरू देशात त्याची पारंपरिक शेती अँडीज पर्वतात, हुनिन सरोवराभोवतीच्या पठारावर, सुमारे ४,००० मीटर उंचीवर होते. रात्री दहिवर गोठते, दिवसा ऊन भाजून काढते, वारा थांबत नाही. बटाटाही जिथे मुश्किलीने तग धरतो तिथे हे पीक उभे राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर पेरायचे, मे ते जुलैत काढायचे, मग उन्हा-गारठ्यात काही आठवडे वाळवायचे. वाळलेल्या गड्ड्यात साधारण दहा टक्के प्रथिने असतात, शिवाय लोह आणि कॅल्शियम. तिथले लोक तो शिजवून खातात. माका जमिनीचा कसही फार ओढतो, म्हणून एका पिकानंतर रान काही वर्षे पडीक ठेवण्याची तिथे रीत आहे.

आता आपले पाहा. महाबळेश्वर १,४०० मीटरच्या आत, राज्यातले सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटर. आपली थंडी दोन-अडीच महिन्यांची, त्यानंतर मार्चपासून ऊन. एवढ्या उबेत पाला वाढेल, गड्डा भरणार नाही. विकायचा असतो तो गड्डाच.

बियाण्याबद्दलही सावध राहा. पेरूने २००३ मध्ये माक्याचे बी आणि प्रक्रिया न केलेला कंद देशाबाहेर पाठवण्यावर बंदी घातली. आपल्याकडेही परदेशी बियाणे आणायला वनस्पती संगरोधाचा (बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणून घ्यायचा) परवाना लागतो. तेव्हा पाकिटात नेमके काय आहे, याची खात्री कोण देणार? माल परत घेण्याच्या करारावर पांढरी मुसळी लावून हात पोळलेले शेतकरी याच राज्यात आहेत.

डोंगरउतारावर कंदच घ्यायचा तर कोनफळ घ्या. पहिल्या पावसावर, जूनमध्ये, दीडशे-दोनशे ग्रॅमचे सालीसह तुकडे करा, कापलेल्या बाजूला राख लावा आणि शेणखत भरलेल्या खड्ड्यात तीन-तीन फुटांवर लावा. पाणी साचेल तिथे खड्डा करू नका, वरंब्यावर लावा, नाहीतर कंद कुजतो. वेलाला झाडाचा किंवा बांबूचा आधार लागतोच. जमिनीवर लोळला तर कंद लहान राहतो. आठ-नऊ महिन्यांत पाने पिवळी पडून वेल वाळला की काढणी. उपवासाच्या दिवसांत जांभळ्या गराच्या कोनफळाला शहरात गिऱ्हाईक असते. लावण्याआधी आपल्या तालुक्याच्या बाजारात भाव विचारून ठेवा आणि पहिल्या वर्षी दोन-चार गुंठ्यांच्या वर जाऊ नका.

पौष्टिकतेसाठीच विचारत असाल तर रब्बीत अहाळिवाचा एक वाफा टाका. लोह त्यातही भरपूर आहे आणि बी वाण्याच्या दुकानात मिळते. पेरण्याआधी मूठभर ओल्या फडक्यात उगवून पाहा.