वहीतल्या चुका, वर्गातले उपक्रम : वाचकांचे प्रश्न

पहिली ते चौथीच्या अभ्यासाबद्दल पालकांनी आणि शिक्षकांनी पाठवलेल्या पाच प्रश्नांना या अंकात उत्तरं देत आहोत. एक विनंती पाचही उत्तरांना लागू आहे. चूक खोडण्याआधी मुलाला विचारा, ‘हे कसं केलंस ते सांग बरं.’

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. ‘त्रेपन्न लिही’ म्हटलं की ३५ लिहिते, ‘एकोणसाठ’ म्हटलं की ६९. शंभरपर्यंत अंक तोंडपाठ आहेत. तिला शिकण्याची काही अडचण असेल का?
– एक पालक, वाई

एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढू नका. मराठीत आधी एकक ऐकू येतो, मग दशक. ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी, पन्नास नंतर. मुलगी ऐकलं त्या क्रमाने डावीकडून लिहीत जाते आणि ३५ होतात. ‘एकोणसाठ’ची गंमत वेगळी. त्यात पाचही ऐकू येत नाही नि नऊही. ऐकू येतो तो साठ. म्हणून ६ लिहिला जातो आणि ‘एकोण’ म्हणजे शेवटी ९ एवढं लक्षात असल्यामुळे ६९ होतात.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहा. ‘पन्नास आणि तीन’ असं म्हणून लिहायला सांगा. ५३ बरोबर लिहिलं, तर स्थानिक किंमत तिला कळते आहे, अडतं ते संख्यानामाशी. तरीही ३५ किंवा ५०३ लिहिलं, तर दशक-एककाचं काम पहिल्यापासून करायला हवं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी जोडवाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी मुलाची अडचण तपासायला ही पद्धत फार उपयोगी आहे. तपासणीसाठी ३६ किंवा १९ घेऊ नका. ३ आणि ६, १ आणि ९ हे अंक आरशातल्यासारखे उलटसुलट दिसतात, त्यामुळे गोंधळ आकाराचा की क्रमाचा ते कळत नाही. ४७, ५८ घ्या.

साहित्य घरात होतं ते पुरे. खराट्याच्या शंभर काड्या बोटाएवढ्या कापा. दहा-दहांचे नऊ गठ्ठे रबराने बांधा, दहा काड्या सुट्या ठेवा. गठ्ठे मुलीनेच मोजून बांधायचे. आयत्या गठ्ठ्यात दहा काड्या आहेत यावर मुलांचा विश्वास बसत नाही, ती पुन्हा पुन्हा मोजत राहतात. जाड कागदाची दहा सेंटिमीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद नऊ कार्डं करून त्यांवर १० ते ९० हे दशक लिहा. पाच सेंटिमीटरच्या चौकोनी कार्डांवर १ ते ९ लिहा.

आता ‘त्रेपन्न’ म्हणा. तिने तीन सुट्या काड्या उजवीकडे ठेवायच्या, पाच गठ्ठे डावीकडे. मग ५०चं लांब कार्ड घ्यायचं आणि त्यातल्या शून्यावर ३चं कार्ड ठेवायचं. ५३ दिसतात, आणि ३ उचलला की खालचं शून्यही दिसतं. हे हात बसल्यावरच वही. लिहिण्याआधी ‘पन्नास आणि तीन’ असं पुटपुटू द्या. काही मुलं जागा सोडून आधी ३ लिहितात, मग त्याच्या डावीकडे ५. उत्तर बरोबर येतं, पण ही सवय लागू देऊ नका. तीन अंकी संख्या आल्या की ती नडते.

‘एकोण’साठी सहा गठ्ठे मांडा, एक सोडा, एक काडी बाजूला काढा. साठाला एक उणा, म्हणजे पाच गठ्ठे आणि नऊ सुट्या. १९ पासून ७९ पर्यंत प्रत्येक ‘एकोण’ असाच करून घ्या. ८९ला काही घरांत एकोणनव्वद म्हणतात, काहींत नव्व्याऐंशी. वर्गात कोणतं वापरतात ते बाईंना विचारून एकच ठेवा.

प्रश्न : तिसरीच्या वर्गात बरीच मुलं ५२ – २७ = ३५ असं उत्तर काढतात. हातच्याची रीत अनेकदा फळ्यावर दाखवली.
– शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, बीड जिल्हा

मुलं ७मधून २ वजा करत आहेत. ‘मोठ्यातून लहान जातो’ हे पहिलीत ऐकलेलं वाक्य ती प्रामाणिकपणे पाळतात. ते वाक्य वर्गातून काढून टाका, आणि रीत काही दिवस बाजूला ठेवा. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या द्या आणि म्हणा, ‘यातल्या सत्तावीस मला दे.’ सात सुट्या मिळत नाहीत म्हटल्यावर मूल आपणहून एका गठ्ठ्याचं रबर सोडतं. आता चार गठ्ठे, बारा सुट्या. फळ्यावर ५ खोडून ४ आणि २च्या जागी १२ लिहायचे ते याच क्षणी, हातात सुटलेलं रबर असताना. उदाहरण सोडवून झाल्यावर २५मध्ये २७ मिळवून ५२ येतात का, हा ताळा मुलांनीच करायचा. ३०० – १४८ सारखी मधे शून्य असलेली गणितं आठवडाभर तरी लांब ठेवा.

प्रश्न : शाळेत आठवडी बाजाराचा उपक्रम आहे. मागच्या वेळी सगळा हिशेब पालकांनीच केला आणि मुलं नुसती बसून राहिली. या वेळी मुलांच्या पदरात काही पडावं म्हणून काय करू?
– शिक्षक, जुन्नर तालुका

बाजाराच्या दिवसापेक्षा आधीचा आठवडा आणि नंतरचे दोन तास महत्त्वाचे. दुकान दोघांचं असू द्या : एक माल देणार, एक पैसे घेणार, अर्ध्या वेळेनंतर अदलाबदल. ज्याला हिशेब चटकन येतो तोच शेवटपर्यंत गल्ला धरून बसतो, म्हणून अदलाबदलीची घंटा तुम्ही वाजवा. पालक फक्त गिऱ्हाईक. दोरीच्या आत यायचं नाही. त्यांना आधीच सांगा की सुटे पैसे आणू नका, दहा, वीस, पन्नासच्या नोटा आणा आणि ‘किती झाले, किती परत देणार?’ असं विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रत्येक दुकानाला सुट्यांसाठी शंभर रुपये उसने द्या : एक रुपयाची दहा नाणी, दोनची पाच, पाचची चार आणि दहाच्या सहा नोटा. वहीच्या पहिल्या ओळीत ‘शाळेकडून उसने १०० रु.’ असं मुलांनी लिहायचं. ही ओळ राहून गेली की शेवटी गल्ल्यातले सगळे पैसे नफा म्हणून मोजले जातात. या उपक्रमातली सगळ्यांत मोठी चूक हीच.

पैसे परत देताना वजाबाकी करायला लावू नका. बाजारात कोणीही तशी करत नाही. माल ३७ रुपयांचा, गिऱ्हाइकाने दिले ५०. सदतीसच्या पुढे एकेक नाणं ठेवत ‘अडतीस, एकोणचाळीस, चाळीस’ म्हणायचं, मग दहाची नोट ठेवून ‘पन्नास’. परत गेले १३. ही पुढे मोजत जायची रीत आधीचे तीन-चार दिवस वर्गात खोट्या नोटांनी पक्की करून घ्या. पहिली-दुसरीच्या दुकानांत भाव पाच आणि दहाचेच ठेवा : कोथिंबिरीची जुडी पाच, मेथीची दहा. चौथीला ‘पाचाला दोन लिंबं’ द्या, म्हणजे सात लिंबं मागितली की डोकं चालवावं लागेल.

तराजू असेल तर विक्रीआधी रिकामी पारडी समतोल आहेत का ते मुलांनी पाहायचं. एक पारडं खाली जात असेल तर वरच्या पारड्यात खडे टाकून पासंग काढायचा. १००, २०० आणि ५०० ग्रॅमची वजनं असली की पाव किलो कसं करायचं हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तिन्ही वजनं वापरूनही २५० थेट जमत नाही, पण अर्धा किलो तोलून तो दोन्ही पारड्यांत सारखा वाटला की जमतं. हे मुलांना शोधू द्या, घाई करून सांगू नका. चुलीवर किंवा गरम तेलात करायचे पदार्थ शाळेत नकोत; भेळेचं साहित्य, उकडलेल्या शेंगा घरून तयार आणाव्यात.

दुसऱ्या दिवशी गल्ल्यातून आधी उसने शंभर काढायचे, उरली ती विक्री, तीतून खर्च वजा केला की नफा. ‘भाजी आमच्याच रानातली, खर्च नाही’ असं मुलं म्हणतील. तेव्हा बियाणं, खत, पाणी, काढणी यांचा खर्च घरी विचारून यायला सांगा. मग प्रत्येक दुकानाने नफ्याच्या दर दहा रुपयांना एक अशा रिकाम्या काडेपेट्या एकावर एक रचायच्या. वर्गाचा स्तंभालेख जमिनीवर उभा राहतो.

प्रश्न : नातू दुसरीत आहे. पुस्तकातला धडा घडाघडा वाचतो, पण वर्तमानपत्रातला साधा मथळा वाचता येत नाही. असं का?
– एक आजोबा, डोंबिवली

आजोबा, नातवाला धडा पाठ झाला आहे. त्याच धड्यातल्या शेवटच्या ओळीपासून उलटं, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायला सांगा, लगेच कळेल. मग तो कोणत्या अक्षरावर थबकतो त्याची नोंद ठेवा. बहुधा घ-ध, भ-म, थ-य या जोड्या निघतील, किंवा पहिली वेलांटी. ती अक्षराच्या आधी लिहितात आणि उच्चार नंतर होतो, त्यामुळे मुलं तिथे अडखळतात. अडलेली चार अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं घेऊन रोज दहा नवे शब्द करा. त्यांतले दोन-तीन निरर्थक असू द्या, ‘मिघा’, ‘धाभी’ असे. ते पाठ असूच शकत नाहीत, वाचावेच लागतात. निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचणं अपेक्षित आहे, पण घड्याळ आत्ताच लावू नका.

प्रश्न : पट्टीने मोजताना मुलं प्रत्येक उत्तर एक सेंटिमीटर जास्त सांगतात.
– शिक्षिका, सावंतवाडी

ती १पासून मोजायला सुरुवात करतात आणि शेवटी दिसणारा अंक सांगतात. त्यांच्या मते पट्टीवरच्या रेघा मोजायच्या असतात. दोन रेघांमधली जागा मोजायची आहे हे कळलेलं नसतं. एक सेंटिमीटर रुंदीच्या कागदी पट्ट्या पेन्सिलीशेजारी आडव्या, मधे फट न ठेवता लावून घ्या, किती मावल्या ते मोजा आणि मग तिथेच पट्टी ठेवा. समजलं का ते पाहायला मोडकी पट्टी द्या : खडूचं एक टोक ३वर, दुसरं ८वर. ‘आठ’ म्हणालं तर पुन्हा कागदी पट्ट्या. ‘पाच’ म्हणालं तर पुढे मिलिमीटर घ्यायला हरकत नाही.