भित्रं कुत्रं कुणाच्या हाती द्यावं?

दिवाळी सरली की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. त्याआधी ‘फटाक्यांचं काय करू?’ असतं, नंतर ‘चांगला ट्रेनर सुचवा’ सुरू होतं. नाव मी कुणाचंच सुचवत नाही. ट्रेनर कसा पारखावा एवढं मात्र सांगू शकते. या वेळी निम्म्याहून जास्त प्रश्न घाबरट कुत्र्यांबद्दलच होते, म्हणून तेच घेतले आहेत.

प्रश्न : आमची साखर दीड वर्षाची देशी कुत्री आहे. पावसाळ्यात गाडीखाली सापडली. घरातल्या चौघांशी छान आहे, पण दारावरची बेल वाजली की थरथरते आणि पाहुणे जाईपर्यंत पलंगाखालून बाहेर येत नाही. एका ट्रेनरनं फोनवरच सांगितलं, ‘पंधरा दिवसांत सरळ करतो, गॅरंटी.’ दुसऱ्या बाई म्हणतात, आधी दोनदा नुसती बघायला येईन, किती दिवस लागतील ते आत्ता सांगता येणार नाही. पैसे जवळपास सारखेच. कुणाला बोलवावं? — नाशिक

दुसऱ्या बाईंना.

साखरला न बघता ज्यानं गॅरंटी दिली, त्यानं तिच्या भीतीची नाही, तिच्या गप्प बसण्याची हमी दिली आहे. कुत्र्याला गप्प बसवायला पंधरा दिवससुद्धा लागत नाहीत.

तरी त्या बाईंनाही तीन प्रश्न विचारा. माझं कुत्रं बरोबर वागलं तर तुम्ही काय करता? चुकलं तर काय करता? आणि घाबरलं तर काय करता? पहिल्याचं उत्तर सगळे सारखंच देतात : ‘ट्रीट देतो.’ दुसऱ्याला काही जण अडखळतात, ‘थोडा झटका द्यावा लागतो’, ‘जरब बसवावी लागते’ असं काहीतरी म्हणतात. खरी पारख तिसऱ्या प्रश्नात आहे. ‘लगेच अंतर वाढवतो, पुढच्या वेळी आणखी सोप्या ठिकाणाहून सुरुवात करतो’ असं उत्तर आलं तर माणूस कामाचा. ‘सवय होईपर्यंत तिथंच धरून ठेवतो’ असं आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या. पोहायला न येणाऱ्याला विहिरीत ढकलून शिकवण्याचा हा प्रकार आहे. त्यात काही जण पोहायला शिकतात हे खरं, पण बाकीचे जन्मभर विहिरीच्या काठाशी जात नाहीत.

बाई पहिल्यांदा येतील तेव्हा त्यांच्याकडे बघू नका, साखरकडे बघा. उगाच येणारी जांभई, नाकावरून फिरणारी जीभ, डोकं एकीकडे आणि नजर दुसरीकडे, गारव्यातही लागलेली धाप, पोटाला चिकटलेली शेपटी : या सगळ्याचा अर्थ ‘मला हे झेपत नाहीये’ असा असतो. त्याहून सोपा थर्मामीटर म्हणजे उकडलेलं चिकन. एरवी चिकनसाठी जीव टाकणारी कुत्री समोर पडलेला तुकडा हुंगतही नसेल, तर भीती प्रमाणाबाहेर गेली आहे आणि त्या क्षणी ती काहीही शिकणार नाही. हे ज्याला दिसतं आणि दिसल्यावर जो थांबतो, तो ट्रेनर.

अनुभवी माणूस साखरच्या अंगावर वाकणार नाही, डोळ्यात डोळे घालणार नाही, बहुधा तिरका बसेल. हातातून भरवण्याची घाईही करणार नाही. ही चूक प्रेमळ लोक फार करतात. भुकेपोटी कुत्रं जवळ येतं, तुकडा गिळतं आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण परक्या माणसाच्या फार जवळ आलो. चावा त्या क्षणी बसतो. म्हणून जाणकार ट्रेनर तुकडा कुत्र्याच्या मागच्या बाजूला टाकतो. खायचं तर लांब जावं लागतं, आणि लांब गेल्यावर पुन्हा यायचं की नाही हे तीच ठरवते.

बेलसाठीचा उपाय जुना आहे, त्यामागे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचंच शास्त्र आहे : एका गोष्टीमागोमाग दुसरी येते, हे जनावर शिकतं. मोबाइलवर बेलचा आवाज रेकॉर्ड करा आणि कान जेमतेम टवकारतील इतक्या बारीक आवाजात वाजवा. आवाज आला की लगेच चिकन. आवाज नाही तर चिकन नाही. क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी चिकन आणि मग बेल असं झालं तर काही दिवसांनी ती चिकन बघूनच पलंगाखाली जाईल. आवाज किती वाढवायचा आणि कधी, हे ठरवायलाच तर ट्रेनर हवा.

बाईंनी तुम्हाला उलटे प्रश्न विचारले पाहिजेत. ती कुठं झोपते, किती झोपते, पोट साफ असतं का, डॉक्टरांनी शेवटचं कधी तपासलं. यातलं काही न विचारता पट्टा हातात घेणाऱ्याला पट्टा देऊ नका.

प्रश्न : आमचा ब्रूनो दोन वर्षांचा जर्मन शेफर्ड. रस्त्यात इतर कुत्र्यांवर आणि अनोळखी पुरुषांवर धावून जायचा. महिनाभर ट्रेनिंग सेंटरवर ठेवला. मध्ये भेटू दिलं नाही, ‘लक्ष विचलित होतं’ म्हणाले. परत आला तो एकदम शांत. भुंकत नाही, सांगितलं की बसतो. पण आमच्याशी खेळत नाही, आणि मिस्टरांनी साधा पंख्याच्या बटणाकडे हात नेला तरी जमिनीला चिकटून लघवी करतो. ते म्हणतात शिस्त आली. मला काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. सेंटरची तक्रार करता येते का? — ठाणे

ताई, तुम्हाला बरोबर वाटतंय.

१९६७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता. काहीही केलं तरी टळणार नाहीत असे विजेचे झटके काही कुत्र्यांना दिले. पुढे त्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथं मधलं बुटकं कुंपण ओलांडलं की सुटका होती. त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी उडी मारलीच नाही, पडून राहिली आणि झटके सोसत राहिली. आपल्या करण्यानं काही फरक पडत नाही, हे ती शिकली होती. बाहेरून पाहणाऱ्याला ती शांतच दिसली असणार.

त्या महिन्यात ब्रूनोचं काय झालं हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. मालकाला आत येऊ न देणारं ट्रेनिंग मला कधीच पटलेलं नाही. भित्र्या कुत्र्यासाठी तर नाहीच, कारण त्याला भीती तुमच्या गल्लीत वाटते आणि काम तुमच्याच गल्लीत करायचं असतं.

आधी डॉक्टरांकडे नेऊन मान, गळा, डोळे आणि कान तपासून घ्या. मानेवरचे केस बाजूला सारून बघायला सांगा. पुढचे दोन-तीन आठवडे कसलंही ट्रेनिंग नको. गळ्यातला पट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस वापरा. फिरायला पहाटे किंवा रात्री उशिरा, रस्ता मोकळा असताना न्या आणि मनसोक्त हुंगू द्या. मिस्टरांनी काही दिवस त्याच्या डोक्यावरून हात नेऊ नये. लघवी केली तर न बोलता पुसून टाका.

आणि एक सावधगिरी घ्या. ब्रूनो आता गुरगुरत नसेल तर त्याला सुरक्षित समजू नका. गुरगुरणं ही सूचना असते. मारून ती बंद केली की आतली भीती तशीच राहते, फक्त भोंगा काढून टाकलेला असतो. असं कुत्रं ‘काही न सांगता’ चावतं. म्हणून त्याला जाळीचं मझल घालायची सवय लावा, पण हळूहळू आणि आत खाऊ ठेवून. मळणीच्या बैलाला मुसकं बांधतात तेव्हा कुणी त्याला शिक्षा म्हणत नाही, तसंच हे.

तक्रारीचं विचारलं आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाण, लाथा मारणं, विनाकारण वेदना देणं हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये. आकडा चुकून छापलेला नाही. तरीही पुरावा असेल तर तक्रार कराच, निदान नोंद होते.

माझंही सांगते. कॉलेजात असताना आमच्या अल्सेशियनला मी स्वतः चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, लावली होती. शिकवणाऱ्यानं दाखवलं तसा झटका द्यायची आणि ती बाजूला चालायला लागली म्हणून फुशारकी मारायची. घरात मी साखळी हातात घेतली की ती मोरीत जाऊन बसायची. त्याचा अर्थ मला पुढे काही वर्षांनी कळला.

प्रश्न : आमच्या वाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या कुत्री होती. कुणी ट्रेनर बोलावला नाही आणि कुणी चिकनही चारलं नाही. मालक कोण हे एकदा दाखवून दिलं की कुत्रं वळणावर येतं. लांडग्यांच्या कळपातही हाच नियम असतो ना? — कोल्हापूर

नाही, काका. ही समजूत जिथून आली तो अभ्यास रुडॉल्फ शेंकेल यांचा, १९४७ सालचा. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ‘अल्फा’ म्हणजे कळपाच्या म्होरक्याची कल्पना पुढे नेली, आणि त्यांनीच पुढे मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. खुर्चीसाठी मारामारी नाही, घरसंसार.

वाड्यावरच्या कुत्र्यांचं म्हणाल तर ती मोकळी होती. ज्याची भीती वाटेल त्यापासून ती गोठ्यामागे निघून जात. तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये गोठा नसतो.

प्रश्न : ट्रेनर्सच्या नावापुढे इंग्रजी अक्षरांची माळ असते. त्यातलं खरं काय? — पुणे

आपल्याकडे कुत्रा-प्रशिक्षक म्हणवून घ्यायला कुठलंही सरकारी लायसन्स लागत नाही. आज बोर्ड लावला की आजपासून ट्रेनर. म्हणून ही अक्षरं बघावीत, पण त्यांना शेवटचा शब्द मानू नये.

‘सीपीडीटी-केए’ म्हणजे लेखी परीक्षा आणि तिच्याआधी किमान ३०० तासांच्या शिकवण्याची अट. यातलं ‘केए’ ज्ञान तपासल्याचं सांगतं, हात कसा चालतो ते सांगत नाही. कॅरन प्रायर अकादमीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं आणि सगळा भर बक्षिसावर असतो. या प्रायरबाई मूळच्या हवाईतल्या डॉल्फिन शिकवणाऱ्या. पोहून लांब जाऊ शकणाऱ्या जनावराला साखळी लावता येत नाही, तेव्हा शिट्टी आणि मासे यांवरच काम भागवावं लागलं. ‘बिहेवियरिस्ट’ (वर्तनतज्ज्ञ) हा शब्द तर कुणीही लावतो. पशुवैद्य आहे असं कुणी म्हणत असेल तर बी.व्ही.एस्सी. पदवी आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला लाजू नका, खऱ्या डॉक्टरांना राग येत नाही.

कुठल्या पद्धतीनं शिकवतो हे कुठल्याही अक्षरांपेक्षा महत्त्वाचं. २०२० मध्ये पोर्तुगालमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ९२ पाळीव कुत्र्यांवरचा. ज्या शाळांत झटके आणि शिक्षा वापरतात, तिथल्या कुत्र्यांमध्ये शिकताना ताणाच्या खुणा जास्त दिसल्या आणि लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही वाढलेलं मिळालं. त्यांतली बरीचशी चांगली धडधाकट घरगुती कुत्री होती. आधीच घाबरलेल्याचं काय होत असेल ते तुम्हीच ताडा. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या वर्तनविषयक संघटनेनं २०२१ मध्ये सगळ्याच कुत्र्यांसाठी बक्षिसाची पद्धत वापरा असं स्पष्ट म्हटलं, आणि वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या शॉक कॉलरवर २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे तीच वस्तू ऑनलाइन मागवली की घरपोच येते.

प्रश्न : डॉक्टरांनी आमच्या मिलीला भीतीसाठी फ्लुओक्सेटीन हे औषध लिहून दिलं. सासूबाई म्हणतात, कुत्र्याला वेडाच्या गोळ्या कशाला? ट्रेनरही म्हणतो, गोळ्या दिल्या तर मी शिकवणार नाही. — बोरिवली

मग त्याला शिकवू देऊ नका. एकटं राहण्याच्या भीतीसाठी हे औषध अमेरिकेत २००७ सालीच कुत्र्यांकरता मंजूर झालं आहे. चार ते सहा आठवडे उलटल्याशिवाय त्याचा नीट अंदाज येत नाही, आणि मनानं ते एकदम बंद करायचं नाही. सासूबाईंना सांगा, ही गुंगीची गोळी नाही. शिकण्याइतकं डोकं थाऱ्यावर यावं म्हणून दिलेली आहे. चांगला ट्रेनर उलट डॉक्टरांचा नंबर मागून घेतो.

मिली अचानक या वर्षीच घाबरायला लागली असेल, तर सांधे, दात, कान कुठं दुखत नाहीत ना, तेही विचारा. दुखणाऱ्या कुत्र्याला आवाजाची भीती जास्त वाटू शकते आणि तिथं ट्रेनरचं काम नंतर येतं.

प्रश्न : आमच्या भागात ट्रेनरच नाही. ऑनलाइन शिकवणाऱ्यांचा उपयोग होतो का? — देवरुख

भित्र्या कुत्र्याच्या बाबतीत पुष्कळ वेळा जास्तच होतो. परका माणूस घरात येतच नाही, हा पहिला फायदा. कॅमेऱ्यातून तो तुमचं कुत्रं नेहमीसारखं वागताना बघू शकतो. निकष तेच, तीन प्रश्न तेच. फक्त पहिल्याच भेटीत गोड बोलून ‘गळ्यात घालायला व्हायब्रेशनचं कॉलर मागवून घ्या’ म्हणाला, तर तिथंच कॉल कट करा.

भेटीआधी दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून ठेवा : जेवताना, पडवीत पडलेलं असताना, लांबून कुणी जाताना. कुत्रं घाबरलेलं दाखवायचं म्हणून मुद्दाम भांडी आपटू नका. आपोआप घडलं तर घ्या, नाही तर तोंडी सांगा. आणि आवाज चालू ठेवून चित्रण करा, तुम्ही त्याच्याशी काय बोलता हेही ट्रेनरला ऐकायचं असतं.